वडिलांचा आणि माझा मोबाईल: रील्समधून बाहेर पडायला ओपन सोर्स ॲपचा खरंच उपयोग होतो का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

माझे वडील, अण्णा, सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिक्षक होते. सकाळचा पेपर पहिल्या पानापासून निविदा सूचनांपर्यंत वाचायचे, मग शब्दकोडं, आणि एखादा शब्द अडला की मला ऑफिसात फोन, "चार अक्षरी, दुसरं अक्षर र, सांग बघू." आई गेल्यावर मीच त्यांना चांगला फोन घेऊन दिला, म्हटलं घरात एकटे असतात, तेवढाच वेळ जाईल.

गेल्या रविवारी गेले तर आठ दिवसांचे पेपर टीपॉयवर तसेच, घडी न मोडलेले. अण्णा खुर्चीत मान खाली घालून, अंगठा वर वर सरकतोय. मी आत आलेली त्यांना कळलंच नाही. चहा ठेवला तो गार झाला. रात्री अडीचला पाणी प्यायला उठले तर त्यांच्या खोलीच्या दाराखालून तोच निळा उजेड.

बोलणार होते काहीतरी, पण कुठल्या तोंडाने बोलू, मी पण तेच करते. साडेनऊला ओटा आवरून फोन हातात घेते, पाच मिनिटं म्हणून, आणि पावणेबारा वाजतात, आणि त्या सव्वादोन तासात काय बघितलं विचारलं तर एक धड गोष्ट सांगता येत नाही. मुलगी शेजारी झोपून गेलेली असते. हे मला फार लागलंय हल्ली.

उपाय करून झाले. टायमर लावला तर वेळ संपल्यावर "आजच्यापुरतं राहू दे" असं बटण येतं, ते दाबलं जातं. ॲप काढून टाकलं तर ब्राउझरमधून उघडते. अण्णांच्या फोनला भावाने लॉक लावला तर त्यांना तो अपमान वाटला, दोन दिवस बोलले नाहीत आमच्याशी, आणि त्यांचं काय चुकलं, ते काय लहान मूल आहेत का.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो मावशी ओपन सोर्स ॲप्स वापरा, त्यांना तुम्हाला अडकवून ठेवण्यात काही फायदाच नसतो. ऐकायला पटतं, पण बँकेचं ॲप, यूपीआय हे सगळं चालेल का, मराठी टाइप कसं करायचं, आणि नातेवाइकांचे, शाळेचे, सोसायटीचे ग्रुप काय सोडून द्यायचे का? आणि मुख्य म्हणजे ७० वर्षांच्या माणसाला हे जमेल का. घरात विंडोज १० वाला एक जुना लॅपटॉप पण पडून आहे, भाचा म्हणतो त्यावर विंडोजऐवजी लिनक्स नावाची ओपन सोर्स सिस्टीम टाकतो. कुणी हे खरंच करून बघितलंय का? कुठून सुरू करू?

रात्रपाळी

ताई, तुमच्या सांगली जिल्ह्यातच मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथे २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत अख्ख्या गावात टीव्ही-मोबाईल बंद. ग्रामसभेत ठरवून केलं त्यांनी, लॉकडाउननंतर पोरं फोन सोडेनात म्हणून. मला त्यातलं हे आवडलं की एकट्या पोराला फोन ठेव म्हणत नाहीत, सगळेच ठेवतात, सरपंच पण. आमच्या घरी आम्ही जेवणाच्या वेळेला हेच करतो, चारही फोन फ्रिजवर. ॲपबिपचं मला कळत नाही, पण अण्णांना एकट्याला सांगू नका, तुमचा पण ठेवा, एवढंच सांगेन.

पुणेरी_पेंग्विन

ताई, आधी एक सांगतो, स्वतःला दोष देणं थांबवा. पूर्वी वेबसाइटवर पान संपलं की खाली "पुढील पान" असं बटण असायचं, ते दाबताना एक क्षण थांबायला व्हायचं आणि त्या क्षणात माणूस उठून जायचा. २००६ मध्ये आझा रॅस्किन नावाच्या डिझायनरने न संपणाऱ्या स्क्रोलची कल्पना काढली आणि तो क्षणच गेला. त्याने स्वतः नंतर जाहीरपणे याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवलाय. त्यात भर म्हणजे पुढचा व्हिडिओ कसा असेल ते माहीत नसतं, दहातला एखादा मस्त निघतो, बाकीचे टाकाऊ. जत्रेत रिंगा फेकायच्या स्टॉलवर माणूस का थांबून राहतो तेच हे, प्रत्येक वेळी लागलं असतं तर एवढं ओढलं नसतं. आणि जाहिरातीवर चालणाऱ्या कंपनीला तुमचा जास्तीचा अर्धा तास म्हणजे थेट उत्पन्न, त्यामुळे हजारो हुशार माणसं पगार घेऊन तुमचा तो अर्धा तास मिळवायच्या मागे असतात. समोर तुम्ही एकट्या, दिवसभर काम करून दमलेल्या.

बंदीने पण होत नाही, आपण बघितलंय. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवातच भारतातून केली. अंगठा तिथल्या तिथे राहिला, खालचं ॲप बदललं.

भाचा म्हणतो ते बरोबर आहे पण अर्धं. ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना बघायला खुला, आणि कुणीही तो घेऊन बदलू शकतो. म्हणजे बनवणाऱ्याने उद्या त्यात काही ओंगळ घातलं किंवा गाडी भलतीकडे नेली तर बाकीचे लोक कोड उचलून वेगळी चूल मांडतात. ओपनऑफिस या वर्ड-एक्सेलसारख्या ॲपचं २०१० मध्ये तेच झालं, लोक बाहेर पडले आणि लिबरऑफिस उभं राहिलं. व्हिडिओ बघायचं व्हीएलसी तर तुम्ही वापरलंच असणार, इतकी वर्षं फुकट आहे आणि आजपर्यंत एक जाहिरात नाही त्यात. पण ओपन सोर्स आहे म्हणून सवय लागत नाही असं मात्र नाही. मॅस्टोडॉन म्हणून ट्विटरसारखं ओपन सोर्स ॲप आहे, त्यावर पोस्टी आपण फॉलो केलेल्यांच्या, वेळेच्या क्रमाने येतात, मध्ये कुणी काही घुसडत नाही, तरी मी एकदा तिथे रात्रीचा एक वाजवलाय. फरक हा की तिथे मला कुणी धरून ठेवलेलं नव्हतं, यादी संपली आणि मी झोपलो.

आता अण्णांचं. त्यांच्या फोनवर न्यूपाइप टाका. यूट्यूबचेच व्हिडिओ दिसतात, पण अकाउंट लागत नाही, जाहिराती नाहीत, आणि सेटिंगमध्ये जाऊन "पुढचे आणि यासारखे व्हिडिओ" हा भाग बंद करता येतो, कॉमेंट्स पण बंद. ॲप उघडल्यावर पहिलं पान कुठलं ते आपण ठरवायचं, तिथे फक्त त्यांनी निवडलेले चॅनल ठेवा. कीर्तन ऐकायचंय, ऐकलं, संपलं. कधीकधी यूट्यूब आतून काहीतरी बदलतं आणि मग अपडेट येईपर्यंत एखाद-दोन दिवस चालत नाही, हे आधी सांगून ठेवा नाहीतर ते म्हणतील बिघडलं.

हे प्ले स्टोअरवर मिळत नाही, एफड्रॉइड म्हणून ओपन सोर्स ॲप्सचं वेगळं भांडार आहे तिथून घ्यायचं, आणि इथे एक फार महत्त्वाचं. ते टाकताना फोन विचारतो की बाहेरचं ॲप टाकू देऊ का. एफड्रॉइड टाकून झालं की ब्राउझरला दिलेली ती परवानगी लगेच काढून घ्या. हल्ली लग्नाची पत्रिका, गाडीचं चलान अशा नावाने एपीके फाइली, म्हणजे उघडल्या की फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाइली, पाठवतात, वयस्कर माणूस दाबतो आणि खातं रिकामं होतं. अण्णांना नीट बसवून समजवा की मेसेजमध्ये आलेली एपीके फाइल कध्धीही उघडायची नाही, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी.

बँक, यूपीआय वगैरेला काही होत नाही. तुम्ही फोनची अख्खी सिस्टीम बदलणार नाही आहात, नुसती दोन-चार ॲप्स शेजारी बसवताय. सिस्टीमच बदलायचे प्रकार असतात, लिनिएज, ग्राफीन, पण तिथे काही बँकांची ॲप्स चालायला नकार देतात, त्या वाटेला आत्ता जाऊ नका. कीबोर्डला हेलिबोर्ड आहे, त्यात मराठी आहे आणि त्याला इंटरनेटची परवानगीच नाही, म्हणजे टाइप केलेलं बाहेर जायचा प्रश्न नाही. पण बोलून टाइप करायची किंवा इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची सवय असेल तर त्रास होईल, मग राहू दे जुनाच. सगळं एकदम बदलायला गेलं की माणूस आठवड्यात परत जुन्यावर येतो.

ग्रुपचं खरं दुखणं आहे. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरला घेतलं ते त्या हिरव्या चौकोनासाठी नाही, तुमची आत्या, शाळेच्या बाई आणि दूधवाला तिथे आहेत म्हणून. जानेवारी २०२१ ला प्रायव्हसीचा गोंधळ झाला तेव्हा माझ्या सगळ्या चुलत भावंडांनी व्हॉट्सॲपऐवजी सिग्नल हे मेसेजचं ॲप टाकलं, महिन्याभरात तिथे शुकशुकाट. सिग्नल चांगलंच आहे, ना-नफा संस्था चालवते, देणग्यांवर चालतं, पण एका माणसापासून सुरू करा, तुम्ही आणि भाचा, बास. बाकी ग्रुप म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका, फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा, दिवसातून दोनदा आपण होऊन बघा. शाळेचा तेवढा चालू ठेवा.

आणि तुमच्यासाठी आरएसएस, संघ नव्हे, आपण निवडलेल्या वेबसाइटवर नवीन लेख आला की कळवणारी सोय. फीडर नावाचं साधं ॲप आहे. वर्डप्रेस किंवा ब्लॉगस्पॉटवरच्या कुठल्याही ब्लॉगचा आरएसएस आपोआप तयार होतो, पत्ता टाकला की नवीन लेख आला तर दिसतो, नाही आला तर यादी रिकामी. साडेनऊला उघडायला काहीतरी लागतंच ना हाताला, तर असं उघडा जे संपतं.

डाळिंबवाला_सांगोला

पेंग्विनभाऊ, तुमचं बाकी सगळं पटलं पण एक बाजू राहिली. मी डाळिंबावर व्हिडिओ करतो, मृग बहार कधी धरायचा, छाटणी कशी, तेल्या रोग दिसला तर पहिल्या दिवशी काय करायचं. एक व्हिडिओ करायला अख्खा दिवस जातो, ऊन बघून शूटिंग, रात्री एडिटिंग. तुमच्या त्या ॲपमधून बघितलं तर जाहिरात लागत नाही, म्हणजे मला त्यातला रुपया मिळत नाही, आणि यूट्यूबच्या अटीत ते बसत पण नाही हे तुम्ही सांगायला हवं होतं. मोठ्या चॅनलला फरक पडत नसेल, मराठीत शेतीवर बोलणाऱ्याला पडतो.

ताई, मी स्वतः काय केलंय सांगतो. यूट्यूबच्याच ॲपमध्ये पाहिलेल्या व्हिडिओंची हिस्टरी पुसून बंद करून टाकली. २०२३ पासून तसं केलं की पहिलं पान कोरं येतं, शिफारशी नाहीत. मग शोधायचं किंवा सबस्क्रिप्शनमध्ये जायचं. अण्णांना ते पण चालेल, आणि कष्ट करणाऱ्याचा वाटा त्याला मिळेल.

पुणेरी_पेंग्विन

बरोबर बोललात दादा, ते मी लिहायला पाहिजे होतं. अटींचं पण खरं आहे. मी ज्या तीन-चार लोकांचे व्हिडिओ नेहमी बघतो त्यांना वर्षातून एकदा थेट पैसे पाठवतो, पण सगळे तसं करत नाहीत हे मान्य. तुमच्या चॅनलवर यूपीआयचा पत्ता टाकत चला, खरंच पाठवतात लोक. हिस्टरी बंद करायचा उपाय चांगला आहे, मला सुचला नव्हता. ताई, आधी तोच करून बघा, पुरला तर न्यूपाइपची गरजच नाही.

डोंबिवलीचे_आजोबा

बाई, मी तुमच्या अण्णांच्या वयाचा आहे, बँकेतून निवृत्त झालो. २०१९ साली आमची ही गेली. तुम्ही सगळे ॲपबद्दल लिहिताय ते योग्यच आहे, पण रात्री अडीच वाजता माणूस फोन का बघतो ते मला माहीत आहे. त्या वेळेला दुसरं कुणी बोलत नसतं. शेजारचा पलंग रिकामा असतो आणि फोनमधून निदान माणसाचा आवाज येतो. तो आवाज काढून घेतलात तर त्या जागी काय ठेवणार हे आधी ठरवा.

मला कामाने वाचवलं. मराठी विकिस्रोत म्हणून प्रकल्प आहे, विकिपीडियाचंच भावंड. तिथे लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षं उलटलेली, प्रताधिकार संपलेली जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून ठेवतात. एका बाजूला पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला संगणकाने ओळखलेला मजकूर, त्यात चुका असतात, "घ" चा "ध" होतो, जोडाक्षरं फुटतात. आपण चित्राशी ताडून दुरुस्त करायचं. एकाने तपासलं की पान पिवळं होतं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. कुणी मागे लागत नाही, आज दोन पानं, उद्या शून्य. ३४ वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाला हे काम हातचं आहे. छोट्या पडद्यावर डोळे दुखतात, लॅपटॉप बरा.

तुम्ही लिहिलंत ते शब्दकोडं, तो फोन आता तुम्ही करत जा. त्यांच्या फोनची वाट बघू नका.

झोप अगदीच उडाली असेल, जेवण सुटलं असेल तर मात्र जाणत्या माणसाला दाखवा. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, बंगळूरला निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या रुग्णालयात २०१४ पासून खास मोबाईल-इंटरनेटच्या व्यसनासाठीच क्लिनिक आहे. त्यात कमीपणा नाही.

जीएसटी_आणि_चहा

लॅपटॉपबद्दल थोडक्यात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून भंगारात देऊ नका, लिनक्स मिंट टाका, जुन्या मशीनवर व्यवस्थित पळतं. आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, वायफाय, आवाज, प्रिंटर चालतोय ना ते तपासा मगच आत टाका. केरळच्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षं मुलं लिनक्सवरच शिकतायत, अवघड वगैरे काही नाही. पण ताई तुम्ही स्वतः अकाउंटचं काम घरून करत असाल तर त्याच मशीनवर अवलंबून राहू नका, टॅली लिनक्सवर थेट चालत नाही आणि डिजिटल सहीच्या टोकनला पण डोकेदुखी होते. अण्णांसाठी टाका, कामासाठी विंडोज राहू दे. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये केलेल्या फाइली असतील तर त्या युनिकोडमध्ये, म्हणजे हल्ली सगळीकडे चालणाऱ्या मराठीत, बदलून घ्याव्या लागतील.

कृष्णाकाठची

साडेतीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे खूप खूप आभार, प्रत्येकाचं दोनदोनदा वाचलं.

आजोबा, तुमचं वाचून मी ऑफिसात डबा खाताना रडले. त्याच संध्याकाळी अण्णांना फोन केला आणि कोड्यातला एक शब्द विचारला. त्यांनी लगेच नाही सांगितला, तासाभराने परत फोन करून सांगितला, तेवढ्यासाठी पेपर उघडला असणार.

अण्णांच्या फोनवर आधी हिस्टरी बंद करून बघितली, पण त्यांच्या हातून कुठेतरी दाबलं जाऊन ती परत चालू झाली, म्हणून मग न्यूपाइप. भाचा त्यांच्याजवळ बसला आणि त्यांनाच विचारून नऊ चॅनल निवडले, नाट्यसंगीत, दोन कीर्तनकार, किल्ल्यांवरचं एक. आम्ही कुणीच परस्पर काही काढलं नाही, त्यांनीच म्हटलं ते दुसरं काढून टाक. पहिले चार दिवस वाईट गेले. संध्याकाळी फोन करून "संपलं रे सगळं, पुढचं येत नाही" असं भाच्याला तीनदा. पाचव्या दिवशी कपाटातला रेडिओ काढला, सेल घालून आकाशवाणी सांगली लावलं. रात्रीचा उजेड अजून कधीकधी असतो, खोटं सांगणार नाही, पण रोज नाही. एपीकेचं त्यांनी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलंय.

माझं म्हणाल तर मी यूट्यूबचंच ॲप ठेवलंय हिस्टरी बंद करून, दादा तुमच्यासारख्यांचा वाटा बुडू नये म्हणून, आणि बाकीचं रील्सवालं काढलं. फीडरमध्ये अकरा ब्लॉग आहेत, बहुतेक रात्री त्यात काहीच नवीन नसतं. फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात असतो. दोनदा मोडलं, एकदा मुलगी आजारी असताना रात्रभर, एकदा उगाच. सिग्नलवर मी, भाचा आणि आता माझी एक मैत्रीण, तिघं आहोत. ग्रुप तसेच आहेत, आर्काइव्हमध्ये, आणि गंमत म्हणजे आजपर्यंत कुणाला कळलेलं पण नाही.

लॅपटॉपवर मिंट बसलं, प्रिंटर काही केल्या चालला नाही, सोडून दिलं. विकिस्रोतवर अण्णांनी खातं उघडलंय. पहिलं पान तपासायला दीड तास लागला कारण त्यांनी पानाच्या चित्रात जसं आहे तसं न ठेवता लेखकाचंच शुद्धलेखन सुधारलं. मग भाच्याने थांबवलं. त्यावरून त्यांचं एक अडलंय आणि ते मला रोज विचारतायत, म्हणून आजोबा तुम्हालाच विचारते. पुस्तक १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांच्या आधीचं आहे, जागोजागी जुने अनुस्वार आहेत, "कां", "नाहीं", "आंत" असे. आयुष्यभर मुलांना ते काढायला शिकवलं म्हणतात, आता ठेवायचे का काढायचे?

डोंबिवलीचे_आजोबा

ठेवायचे. जसं छापलंय तसंच, अनुस्वारासकट. त्यांना सांगा सुरुवातीला माझाही हात फार शिवशिवायचा. कोणतं पुस्तक धरलंय ते कळवा, त्यांची पिवळी पानं मी हिरवी करायला घेतो.